पान सापडल्याशी मतलब नाही

‘पान सापडल्याशी मतलब. कसं सापडलं ते कोण विचारतो?’ पत्त्यांच्या जादूबद्दल हे वाक्य इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलं आहे की आता ते कुणाचं मत राहिलेलं नाही, त्याचा नियम झाला आहे. आमच्या नामपूरच्या चहाच्या टपरीवर ते ऐकू येतं, जादू शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी असतं आणि ज्यांनी त्या पोरांना शिकवायचं ती जाणती मंडळीही तेच म्हणतात. त्याच्या मागून बाकीची ठरलेली विधानं येतात. बावन्न पानांचा क्रम पाठ करणं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. पाठीवर खुणा असलेला कॅट बाजारात विकत मिळतो, तो आणावा आणि मोकळं व्हावं. गावातल्या लोकांना बारकावा कुठे कळतो? मोबाइलच्या जमान्यात डोक्यात काही साठवायचं कारण काय? आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं शेवटचं वाक्य: हातात पत्ते आले की पोरगं जुगाराला लागलंच समजा.

यातलं एकही विधान मला मान्य नाही. पाठ केलेल्या कॅटमधून मागितलेलं पान अडखळता न काढणं ही बुद्धीची आणि हाताची एकत्र परीक्षा आहे. तिला घोकंपट्टी म्हणणाऱ्याने ती कधी देऊन पाहिलेली नसते.

आधी या कामात काय असतं ते नीट पाहू. जादूगार बावन्न पानांचा एक क्रम ठरवतो आणि तो दोन्ही बाजूंनी पाठ करतो. क्रमांक ऐकला की पान आठवलं पाहिजे, पान ऐकलं की क्रमांक. हा विचार जुना आहे. रचून ठेवलेल्या कॅटचं वर्णन होराशियो गालासो या इटालियन लेखकाच्या 1593 च्या पुस्तिकेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सी स्टेबिन्सच्या नावाने गाजलेला क्रम हिशेबावर चालतो. त्यात प्रत्येक पान आधीच्यापेक्षा तीनने मोठं असतं आणि रंग ठरलेल्या फेऱ्याने बदलतो. 1927 मध्ये लुई निकोला यांनी हिशेब बाजूला ठेवून सरळ पाठांतरावर उभी असलेली पद्धत छापली. 1979 मध्ये शिकागोचे वकील सायमन ॲरन्सन यांनी आपला क्रम प्रसिद्ध केला. 2000 साली माद्रिदच्या हुआन तामारिझ यांचा ‘नेमोनिका’ हा क्रम स्पॅनिश पुस्तकातून लोकांपुढे आला आणि 2004 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. हे सगळं छापील आहे, कुणीही वाचावं. तेव्हा गुपित फोडून मी कुणाच्या पोटावर पाय देतो आहे, असं कुणी समजू नये.

आता घोकंपट्टीच्या आरोपाकडे वळतो. घोकलेली गोष्ट एकाच दिशेने चालते. मधूनच अडवलं की पाठांतर करणारा पहिल्यापासून सुरुवात करतो. पाठ केलेला कॅट तसा चालेल का? समजा, कॅट दोन-चारदा काटला गेला आणि हात फिरवताना तळाच्या पानाची ओझरती झलक मिळाली: चौकटची दुर्री. तामारिझ यांच्या क्रमात ती एकोणिसावी आहे. तेवढ्यावरून सगळ्यांत वर विसावं पान, म्हणजे बदामचा गुलाम, आहे हे न पाहता ठरतं. समोरच्याने बदामची सत्ती मागितली. तिचा क्रमांक 41. त्यातून 19 वजा केले की 22 उरतात, म्हणजे सत्ती वरून बाविसावी आहे. त्याने इस्पिकचा एक्का मागितला असता तर? एक्क्याचा क्रमांक 7, तो दुर्रीच्या आधी येतो. मग तळाकडून विचार करायचा: एक्क्याच्या खाली बारा पानं आहेत. हे सगळं समोरच्याचं वाक्य संपायच्या आत, चेहऱ्यावर काही न उमटू देता, त्याच्याशी बोलत बोलत करायचं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरून जायच्या उत्तराशी याची बरोबरी कशी होईल?

आणि इथे काम निम्मंच झालेलं असतं. सत्ती बाविसावी आहे हे कळलं, आता तिथे पोचायचं कसं? एकेक पान मोजत बसलं तर जादू संपली. अंगठ्याला आणि बोटांना बावीस पानांची जाडी ओळखता आली पाहिजे. नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, नजर फिरवतो, चार कांदे हातात घेतो आणि बोली लावतो. तो ट्रॉलीतला कांदा न् कांदा तपासत नाही. त्याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार झालेला असतो, आणि त्याला कुणी नशीब म्हणत नाही. कॅट काटणाऱ्याचा अंदाज तसाच तयार होतो.

व्यापाऱ्याचा अंदाज चुकला तर ते पुढे माल उतरल्यावर कळतं. पाठ केलेल्या कॅटचं मोठेपण हे की चूक तिथल्या तिथे कळते आणि किती झाली तेही कळतं. बाविसाव्या पानाशी काटायला गेलो आणि उचललेल्या गठ्ठ्याच्या तळाशी बदामची दश्शी दिसली. तिचा क्रमांक 38, म्हणजे सत्ती तीन पानं पुढे, खालच्या गठ्ठ्यात वरून तिसरी. दश्शीच्या जागी किलवरचा एक्का दिसला तर तो 43, म्हणजे आपण दोन पानं पुढे आलो आणि सत्ती उचललेल्या गठ्ठ्यात तळापासून तिसरी आहे. अंगठ्याने दोन-तीन पानं सरकवणं हे सरावलेल्या हाताला पापणी लवण्याइतकं सोपं असतं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीत चूक स्वतःहून आपलं माप सांगते? मोजून घेतलेल्या पानात एक पान चुकलं तर ते चुकलं, आणि भलतंच पान उलटेपर्यंत जादूगाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

ओघ म्हणतात तो हाच. लोकांना वाटतं तो बोटांच्या चपळाईतून येतो. नाही. पान कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला घाई करावी लागत नाही, आणि घाई नसलेल्या हाताचा कुणाला संशय येत नाही. हात घाबरतो तो डोक्याला खात्री नसते म्हणून. नवशिक्याचे हात थरथरताना दिसले की त्याला आणखी बोटांचा सराव करायला सांगतात. मी त्याला आधी क्रम पक्का करायला सांगेन. पानाच्या नावावरून क्रमांक आठवताना त्याची नजर वर छताकडे जाते, तिथेच त्याचा प्रयोग फसलेला असतो. प्रेक्षक ती नजर वाचतो.

खुणांच्या कॅटची शिफारस करणाऱ्यांना मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. खूण कुठे असते? पानाच्या पाठीवर. म्हणजे ज्या पानाची पाठ समोर आहे तेवढंच पान कळणार. बदामची सत्ती बाविसावी असेल तर खूण काय कामाची? सगळा कॅट पसरून पाठी वाचत बसावं लागेल, आणि पाठी वाचणारे डोळे लपत नाहीत. शिवाय तो कॅट समोरच्याच्या हाती देताना जीव वरखाली होतो. पाठ केलेल्या कॅटमध्ये पानावर काहीच नसतं. दुकानातून घेतलेला साधा कॅट चालतो. यजमानाचा कॅट घेऊन, संधी साधून, तो क्रमाने लावता येतो. प्रयोगानंतर प्रेक्षकाने कॅट मागितला तर तो देता येतो, आणि त्याने हवं तितकं तपासलं तरी सापडण्यासारखं तिथे काही नसतं.

‘गावातल्या लोकांना काय कळतं’ हे वाक्य तर मला अपमानास्पदच वाटतं. ज्याने शहरातल्या रंगमंचावर प्रेक्षकाला समोर, अंतरावर, अंधारात बसवून प्रयोग केले आहेत त्याने एकदा मोसम नदीकाठच्या आमच्या गावात, लग्नाच्या मांडवात किंवा शाळेच्या व्हरांड्यात, कॅट हातात घेऊन उभं राहावं. इथे प्रेक्षक समोर बसत नाही. तो चारी बाजूंनी उभा राहतो. पाठीमागे पोरं असतात, कोपराखालून डोकावणारी असतात. कुणीतरी मनगट धरून ‘थांबा, आधी पानं दाखवा’ म्हणतं आणि ते हक्काने म्हणतं. अशा गर्दीत लपवलेलं पान मागून दिसतं. तळहातात दडवलेलं बाजूने दिसतं. पाठांतर मात्र कुठल्याच बाजूने दिसत नाही. ज्या प्रेक्षकाला कमी लेखून हे लोक सोपी वाट सुचवतात, त्याच प्रेक्षकापुढे ती वाट सगळ्यांत आधी उघडी पडते.

यांचं एक म्हणणं खरं आहे. प्रेक्षकाने मनापासून कॅट पिसला तर क्रम मोडतो. पण त्यावरून ही पद्धत लंगडी ठरते का? काटल्याने क्रम मोडत नाही. कितीही वेळा काटा, पानांचा फेरा तोच राहतो, फक्त सुरुवात बदलते, आणि सुरुवात एका झलकेत कळते. पिसण्याचंही शास्त्र आहे. कॅट बरोबर निम्मा करून पान-आड-पान नेमकं गुंफलं, वरचं पान वर आणि खालचं खाली ठेवलं, तर अशा आठ पिसण्यांनंतर बावन्न पानं मूळ क्रमावर परत येतात. साध्या ढिल्या पिसण्यानेही क्रम एका दमात पुसला जात नाही. पर्सी डायकोनिस हे वयाच्या चौदाव्या वर्षी डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर घर सोडून निघालेले, पुढे मोठे गणिती झाले. 1992 मध्ये त्यांनी डेव्ह बायर यांच्यासह दाखवून दिलं की दोन भाग एकमेकांत मिसळायच्या नेहमीच्या पद्धतीने कॅट नीट मिसळायला साधारण सात पिसण्या लागतात. हा गणिताचा निष्कर्ष पत्त्यांच्या जादूत वाढलेल्या माणसाने मांडला आहे. बावन्न पानांच्या मांडण्यांची संख्या 68 अंकी आहे. त्यातली एक मांडणी मनात धरून ती हलवत, काटत, फिरवत ठेवणं हे काम ज्यांना हलकं वाटतं त्यांनी ते एकदा करून बघावंच.

‘पण हे सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही’ असं म्हणतात तेव्हा मला खरा राग येतो. हे कुणाच्या मातीत म्हणता? एकेकाळी आपल्या शाळेतली पोरं तिसापर्यंतचे पाढे म्हणत, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी आणि औटकी म्हणत. अक्षरओळख नसलेला वारकरी हरिपाठ मुखोद्गत म्हणतो. आमच्या खानदेशाच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या शेतात आणि जात्यावर जन्मल्या, इतरांनी त्या टिपून घेतल्या म्हणून 1952 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. वेदपाठशाळेतला विद्यार्थी जटापाठात दोन पदं सरळ, उलट आणि पुन्हा सरळ म्हणतो. उलट-सुलट पाठांतराची एवढी मोठी परंपरा ज्या समाजाकडे आहे त्याने बावन्न पानांना घाबरावं?

याच परंपरेने अंक लक्षात ठेवायचं साधनही देऊन ठेवलं आहे. कटपयादी पद्धत किमान नवव्या शतकापासून खगोलाच्या ग्रंथांत वापरात आहे. क, ट, प, य म्हणजे 1. ख, ठ, फ, र म्हणजे 2. असं पुढे, आणि न व ञ म्हणजे शून्य. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. कर्नाटक संगीतातल्या 72 मेळकर्त्यांचे क्रमांक त्यांच्या नावात याच रीतीने दडलेले आहेत: धीरशंकराभरणात ध म्हणजे 9 आणि र म्हणजे 2, म्हणून तो 29 वा. ही रीत पत्त्यांना लावून बघा. 19 म्हणजे ध आणि प: धूप. चौकटची दुर्री एकोणिसावी, तर दाराच्या चौकटीत धुपाच्या दोन काड्या जळताना पाहायच्या. 41 म्हणजे य आणि व: यव, म्हणजे जव. बदामची सत्ती एक्केचाळिसावी, तर लाल बदामावर जवाच्या सात लोंब्या. 7 म्हणजे स आणि शून्याचा न: सोनं, आणि इस्पिकचा एक्का सोन्याचा. युरोपातले जादूगार अंकांची व्यंजनं करून त्यांची चित्रं बांधतात, ते त्यांच्या भाषेतून. आपल्याला ते साधन उसनं आणायची गरज नाही. रोज चार पानांची चित्रं बांधली तर तेरा दिवसांत बावन्न पुरी होतात. ती जिभेवर आणि बोटांवर मुरायला महिने लागतील, हे मी लपवत नाही. मुरल्यावर चित्रं आपोआप गळून पडतात आणि उरतो तो सरळ क्रमांक.

मोबाइलबद्दल फार बोलायची गरज नाही. प्रेक्षकाने पान मागितलं आणि जादूगाराने खिशातून मोबाइल काढला, तर पुढे बघण्यासारखं काय उरलं?

राहिला जुगार. हा आक्षेप नामपूरसारख्या गावात सगळ्यांत जोरात घेतला जातो आणि त्यामागची आईवडिलांची भीती खरी आहे. पत्त्यांपायी शेतं गेलेली माणसं आपण पाहिली आहेत. पण तो राग पत्त्यावर का? जुगारात पैसा लागतो. जादूत कुणी पैसा लावत नाही, कुणी हरत नाही. 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंध कायदा आपल्या राज्यात आजही लागू आहे, आणि त्याच्या 13 व्या कलमाने केवळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून वगळलं आहे. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. त्याच्या कारणांत एक कारण असं होतं की पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. स्मरण हे कौशल्य आहे असं देशाचं सर्वोच्च न्यायालय मानतं, आणि आपण घरात त्याच स्मरणाला वाईट सवय म्हणतो? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, कारण पोरांचा पैसा मोबाइलच्या पडद्यावरून जात होता. खरी भीती बाळगायची ती त्या पडद्याची. कागदी कॅट घेऊन ओट्यावर क्रम घोळवणारा मुलगा कुणाचं काही घेत नाही.

आणि पत्ता ही काही परक्या वाईट चालीची वस्तू नव्हे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा बघा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120 गोल पानं. आकड्यांच्या पानांमध्ये अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. कुठली पानं पडली, कुठली उरली, हे ज्याच्या डोक्यात आहे तोच गंजिफा खेळू शकतो. घरातल्या मेंढीकोटात आणि पाच-तीन-दोनमध्ये आजी-आजोबा हेच करत आले. हुकमाचं कोणतं पान अजून बाहेर आहे हे आठवून डाव उलटवणाऱ्या आजीचं आपण कौतुक करतो. नातवाने तोच कॅट पूर्ण पाठ केला तर त्याला दटावतो.

जादू ही टुकार माणसांची करमणूक, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच नाशिक जिल्ह्याकडे पाहावं. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत. ‘प्रोफेसर केळफा’ हे त्यांचं रंगमंचावरचं नाव त्यांच्या आडनावाची अक्षरं उलटून केलेलं होतं. पुढे याच माणसाने देशाला सिनेमा दिला, आणि पडद्यावर माणसं गायब करताना जादूगाराचं कसब त्यांच्या हाताशी होतं. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घरात ही कला तीन पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे जादूगार झाले, प्रेक्षकही आहेत. उणीव आहे ती पाठांतराच्या कष्टाला मान देण्याची.

आणखी एक सांगायचं आहे, आणि माझ्या दृष्टीने ते सगळ्यांत महत्त्वाचं. ‘पान सापडल्याशी मतलब’ हा विचार जिथे मुरतो तिथे प्रेक्षक आणि भोंदू बाबा यांच्यात आडकाठी उरत नाही. बाबाही म्हणतो, तुझ्या मनातलं सांगितलं ना, मग कसं सांगितलं ते विचारू नकोस. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवत आणि मग त्यामागची करामत उलगडून सांगत आले आहेत. ‘कसं’ हा प्रश्न जिवंत ठेवणं हेच ते काम आहे. पाठ केलेल्या कॅटमधून पान काढणारा मुलगा हा प्रश्न स्वतःच्या हाताने रोज सोडवतो. मनातलं ओळखण्याचा आभास माणसाच्या अभ्यासातून तयार होतो हे त्याला अनुभवाने माहीत असतं. त्याला पुढे कुणी दिव्यशक्ती दाखवून फसवू शकेल का?

म्हणून नामपूर, सटाणा, ताहाराबाद, मालेगाव, जिथे कुठे एखादं पोर कॅट घेऊन कोपऱ्यात पुटपुटत बसलेलं दिसेल, तिथल्या शिक्षकांना आणि आईवडिलांना माझी विनंती आहे: तो कॅट हिसकावून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा, वहीच्या शेवटच्या पानावर एक ते बावन्न आकडे लिहायला लावा आणि त्याची परीक्षा घ्या. आधी आकडा विचारा, मग पान विचारा, मग कॅट काटून पुन्हा विचारा. आणि खुणांचा कॅट विकत घेऊन ये म्हणून सांगणारा कुणी भेटला, तर त्या पोराला त्याच्यापासून दूर ठेवा.